खांद्यावर चालणारा हात

ता. ६ जानेवारी

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात हात आहे. आधी हे पत्र वाच आणि मग खोकं उघड, म्हणून पत्र मुद्दाम वरच्या बाजूला बांधलं आहे. तू आधी खोकंच उघडलं असशील, हेही मला माहीत आहे.

हात आमच्या कार्यशाळेतला आहे. डावा, कोपराखाली बसवायचा, तुझ्या मापाचा. साहेबांनी स्वतः निवडला. पाच बोटं, प्रत्येकाला नख, मनगटावर शिरा, तळव्यावर रेषासुद्धा आहेत. ज्योतिष्याला दाखवता येईल असा हात, असं साहेब सगळ्या पाहुण्यांना सांगतात. रंग जुळत नाही हे मला मान्य आहे. आमच्याकडे तीन छटा येतात आणि तुझी चौथी आहे. मी हे साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, पूर्ण बाह्यांचं पोलकं घातलं की कळत नाही. आता उन्हाळ्यात काय करायचं, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

तू खरं खरं कळव. लॉन्ड्रीत चादरी दाबणाऱ्या रुळांनी तुझा हात ओढून घेतला त्याला वर्ष होत आलं, आणि मी कृत्रिम अवयवांच्या कार्यशाळेत आराखडे काढत असून अजून तुला काहीही देऊ शकले नव्हते, याची मला लाज वाटते. वाईट असेल तर वाईट म्हण. मी रडणार नाही, किंवा रडले तरी तुला कळवणार नाही.

घरी सगळे ठीक आहेत. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बाबांनी मागच्या अंगणात पाया खोदायला घेतला आहे. तुझ्यासाठी खोली. म्हणतात, एका हाताची बाई वरच्या मजल्यावर एकटी राहते, शेगडी पेटवते, जिन्यावरून बादल्या नेते, लोक आम्हाला काय म्हणतील. उन्हाळ्याआधी छत घालायचं आणि तुला घेऊन यायचं असं ठरलं आहे. आईलाही पटलं आहे. मला कोणी विचारलं नाही.

लोभ आहेच, या हातावरून तो कमीजास्त करू नये, एवढी विनंती.

तुझी,
पेन्सिल

---

ता. १७ जानेवारी

चि. पेन्सिल हिस,
अनेक आशीर्वाद. दोन हातांनी दिले आहेत, एक माझा, एक तुमच्या साहेबांचा.

खोकं अर्थातच आधी उघडलं. खालचा शिंपी ते वर घेऊन आला होता. आत माणसाचा हात बघून तो पाठमोरा न होताच अर्धा जिना उतरला. मग खालूनच विचारत होता, बाई, पोलिसांना कळवायचं का.

हात सुंदर आहे. इतका सुंदर की माझा उजवा त्याच्या शेजारी मोलकरणीसारखा दिसतो. मी त्याला बसवलं आणि म्हटलं, चला राजे, आता कामाला लागा. बटाटा धरायला दिला, धरला नाही. डब्याचं झाकण उघडताना डबा धरायला सांगितलं, डबा घरंगळत पलंगाखाली गेला. ओलं फडकं पिळायचं होतं, तर राजे भिजले आणि फुगले. शेवटी त्यांना काय येतं ते सापडलं. हिवाळी हातमोजा वाळत घालायला त्यांच्यासारखं कोणी नाही. आता ते खिडकीत उभे असतात, पाची बोटं वर करून. समोरच्या घरातली म्हातारी रोज सकाळी त्यांना हात हलवते. चला, कोणाला तरी सोबत झाली.

तुमच्या या नखसाहेबांना विचार, त्यांनी आयुष्यात कधी एका हातानं बटाटा सोलला आहे का. नखं मला कशाला? मला कोणाला ओरबाडायचं असेल तर उजव्याची पुरेशी आहेत. मला पाच बोटं नकोत, रेषा नकोत. मला धरणारं काहीतरी हवं. उजवा हात काम करतो, त्याला समोरून कोणीतरी वस्तू धरून द्यायला हवी, एवढंच. बटाटा धर, डबा धर, बादलीची कडी धर, कुलूप धर म्हणजे मी किल्ली फिरवते. सगळ्या घरकामात निम्मं काम नुसतं धरून ठेवण्याचंच असतं, हे हात जाईपर्यंत मलाही कळलं नव्हतं.

आता खोली. तुझा बाप गवंडी आहे, त्याला कोणाबद्दल वाईट वाटलं की तो भिंत बांधतो. त्याला सांग की या दोन खोल्या मी वाफेत उभी राहून, हजारो लोकांच्या चादरी रुळांत घालून मिळवल्या आहेत. मला माझ्या दाराची किल्ली माझ्याच गळ्यात हवी. तुमच्या अंगणात येऊन बसले, तर दुसऱ्या दिवसापासून तुझी आई मला घास भरवेल आणि तिसऱ्या दिवशी मी तिला चावेन.

तू मात्र रडू नकोस. रडायला तुला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात काहीतरी करून होईल.

कागद सरकू नये म्हणून त्यावर जुनी इस्त्री ठेवून लिहिते. कोपऱ्यात तांबूस डाग पडला असेल, त्याला माझी सही समज.

आशीर्वाद आहेतच, ते असे टोचणारेच असायचे.

तुझी आत्या

---

ता. २ फेब्रुवारी

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. नखसाहेब वगळून. ते हसले आणि म्हणाले, सुरुवातीला सगळेच कुरकुरतात, नंतर सवय होते. कशाची सवय, हे मी विचारलं. या हाताची की हात नसण्याची? म्हणजे हे मी मनात विचारलं. तोंडानं, होय साहेब, म्हणाले.

पण मग मी एक गोष्ट केली आहे आणि ती बरोबर केली की नाही या विचारानं मला जेवण जात नाही. सुट्टी झाल्यावर भंगारातलं सामान वापरून मी एक चिमटा बनवला आहे. हात म्हणवत नाही. परवानगी मागितली होती. साहेब म्हणाले, खेळायचं तर खेळ, पण पाहुण्यांच्या नजरेला पडू देऊ नकोस.

समजावून सांगते. चामड्याची नळी कोपराखाली बसते. तिच्या टोकाला दोन वाकडे पोलादी जबडे आहेत. सायकलच्या ट्यूबचे रबर ते जबडे कायम मिटलेले ठेवतात. उघडायचे झाले तर एक तार आहे, सायकलच्या ब्रेकची. ती पाठीवरून जाते आणि उजव्या खांद्यात अडकवलेल्या पट्ट्याला बांधली आहे. खांदा पुढे आणि वर सरकवलास की तार ताणली जाते आणि जबडे उघडतात. खांदा सैल सोडलास की पुन्हा मिटतात, आणि वस्तू धरली जाते. वीज नाही, सेल नाही. मोडलं तर सायकलवालाही दुरुस्त करेल.

डावा हात मोज्यात बांधून मी स्वतः वापरून पाहिलं. बटाटे सोलले, बाटलीचं बूच काढलं, कुलूप लावलं. आई म्हणाली, दोन हात देवानं दिलेत तर ही काय थेरं. मी सगळं तपासलं आहे, तरी काहीतरी राहिलं असणार. माझ्याकडून काहीतरी राहतंच.

भिंती खिडकीपर्यंत आल्या आहेत.

लोभ असू दे. चिमट्याचे दोष सांगताना तो आवरू नकोस.

तुझी,
पेन्सिल

---

ता. १३ फेब्रुवारी

चि. पेन्सिल हिस,
आशीर्वाद.

तुझा चिमटा फार छान आहे. फक्त तो घालायला आणखी एक हात लागतो.

नळीच्या वरच्या अंगाला बक्कल आहे, बाई! बक्कल! पट्टा एका हातानं ओढायचा आणि दुसऱ्यानं काटा भोकात घालायचा. मी उजव्यानं ओढला, दातांत धरला, गुडघ्यानं दाबला, भिंतीला टेकवला. शेवटी हात वर करून खाली गेले आणि शिंप्याला म्हटलं, बांध. त्यानं बांधलं. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता जणू त्यानंच मला जन्म दिला. म्हणे, रोज सकाळी या, संध्याकाळी सोडून देईन. मी काय गाय आहे?

तू मोज्यात हात बांधलास, पण तो मोजा घालण्यापूर्वी दोन्ही हातांनी बक्कल लावलीस, होय की नाही? वाटलंच. तुमच्या कार्यशाळेत सगळं शिकवतात, पण ज्याला घालायचं त्याच्या जागी आधी उभं राहायला कोणी शिकवत नाही.

आता दुसरी बाजू सांगते, कारण तू इथपर्यंत वाचून नखं खात असशील. बटाटा सोलला. पूर्ण बटाटा. डबा उघडला. उघडण्यासारखं काही नव्हतं त्यात, तरी तीनदा उघडला. मग दाराचं कुलूप उघडून लावलं आणि पुन्हा उघडलं. समोरची म्हातारी बघत होती, तिला वाटलं असेल ही बाई वेडी झाली.

चिमट्याला चामड्याचा वास येतो आणि मांजर त्याच्यामागे फिरतं. ही तक्रार नाही. सांगते आहे.

बक्कल काढ आणि परत पाठव. तोवर राजे खिडकीतच आहेत. तुझ्या बापाला सांग, खिडकीला गज लावू नकोस, तुरुंग पुरता दिसेल.

तुझी आत्या

---

ता. २० फेब्रुवारी

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि.

बक्कल काढली. तुझं पत्र आल्यापासून मला स्वतःकडे बघवत नाही. होय, दोन्ही हातांनी लावली होती. आता सगळं जाकिटासारखं केलं आहे. खुंटीला टांगून ठेवायचं, आधी उजवा हात पट्ट्यात, मग डावा नळीत, आणि खांदे हलवले की आपोआप बसतं. या वेळी मी पहिल्या क्षणापासून डावा पंजा मोज्यात बांधून घातलं आणि काढलं. मोजासुद्धा आईकडून बांधून घेतला. तिनं विचारलं की हे कुठल्या परीक्षेत येतं.

बाबांना तुझं म्हणणं सांगितलं. त्यांना तुला उत्तर द्यायचं आहे. ते सांगतात तसं खाली लिहिते, एक शब्द न बदलता. माणसाला लिहिता येत नाही म्हणून त्याचे शब्द बदलायचा हक्क मला मिळत नाही.

बाबा सांगतात: माझ्या लाडक्या बहिणीस. तुझी टवाळी कळली. खिडकीला गज लावणार नाही. खिडकी पूर्वेला आहे, उजेड चांगला येतो. तू लहानपणी झाडावरून पडलीस तेव्हाही मला काही झालं नाही म्हणालीस आणि पाय मोडला होता. चिमट्यानं बटाटे सोलता येतात, पण आजारी पडलीस तर चिमटा पाणी देणार नाही. पोरीला आशा लावू नकोस, ती झोपत नाही. मी येऊन बघतो. जमत असेल तर राहा, मी भिंतीला डोकं आपटायला येणार नाही. नसेल जमत तर सामान बांधायचं. (आता ते म्हणतात, पुरे, खाली माझं नाव घाल. मग म्हणाले, नाव नको, तिला कळेल.)

मी स्वतः एवढंच म्हणते की ते येतील तेव्हा नवीन चिमटा तुझ्याकडे पोचलेला असेल.

लोभ दोघांवरही सारखा ठेवावा, ही माझी अडचण समजून घे.

तुझी,
पेन्सिल

---

ता. ९ मार्च

चि. पेन्सिल हिस,
आशीर्वाद.

तुझा चिमटा लाजाळू आहे. माणसं आली की सोडून देतो.

एकटी असते तेव्हा सगळं धरतो. बादली जिन्यावरून वर येते, पाव कापला जातो, तुझं ते जाकीट घालायलाही सोपं आहे, शिंपी बेकार झाला. पण कोणी समोर येऊन बोलायला लागलं की घात. पहिल्यांदा घरमालकीण आली. दुधाचं पातेलं चिमट्यात होतं. ती सांगत होती की अपंग माणसांनी तळमजल्यावर राहावं, वरच्या मजल्याला शोभत नाही. मी ऐकून घेत होते, तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि पातेलं खाली. तिच्या चपलांत दूध. त्याचं मला दुःख नाही, पण दूध ताजं होतं.

दुसऱ्यांदा लॉन्ड्रीत. मुकादम मला समजावत होता की पावत्या फाडायचं काम किती हलकं आणि मानाचं आहे, आणि रुळांपाशी झालेल्या प्रकारात माझाच वेंधळेपणा होता तरी त्यांनी मला कसं ठेवून घेतलं. मी नुसतं बघत होते त्याच्याकडे. पावत्यांचा डबा गेला खाली, चिठ्ठ्या सगळ्या फरशीवर, गिऱ्हाईकं उभी.

तिसऱ्यांदा दादा आला, तुझा बाप.

सगळं नीट चाललं होतं. मी त्याच्यासमोर कुलूप उघडलं, कांदा चिरला, चहा केला. तो गप्प बसून बघत होता, आणि त्याच्या तोंडावरून मला कळलं की त्याला पटतंय. चहाचा कप चिमट्यात धरून मी त्याच्याकडे निघाले. तेवढ्यात तो म्हणाला, ठीक आहे, पण हे असं किती दिवस चालणार, शेवटी बाईमाणूस, शेवटी यावं लागणारच. आणि कप सुटला. त्याच्या पायावर, उकळता चहा.

ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. फडकं घेऊन खाली बसला आणि माझी फरशी पुसली. मग म्हणाला, छत या महिन्यात घालून होईल, एकतीस तारखेला टेम्पो घेऊन येतो.

तेव्हा आता काय ते कर, नाहीतर मला टेम्पोत घालायची तयारी कर. मांजराचं काय करायचं तेही सांग. तुझे स्प्रिंग, रबर, तार, काय ते तुझं तू बघ. मला एवढंच कळतं की माणसाच्या हातातून वस्तू सुटली की लोक म्हणतात निसटली. लोखंडाच्या हातातून सुटली की म्हणतात, हिला जमत नाही.

इस्त्री ठेवूनही आज कागद सरकतो आहे.

तुझी आत्या

---

ता. १४ मार्च

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यासारखाच दुसरा चिमटा इथे बनवून त्याचे रबर तपासले. तार तपासली. जबड्यांना चरे पाडून बघितले. कशातच दोष सापडेना, आणि मला वाटू लागलं की मी तुझं घर घालवलं. मग कुठे टोचतं ते कळावं म्हणून तोच चिमटा मी सदऱ्याखाली दिवसभर घालून वावरू लागले.

काल बैठक होती. साहेब सर्वांना सांगत होते की गरीब माणसाला काम करणारा हात नको असतो, त्याला चारचौघांत खिशातून काढता येईल असा हात हवा असतो. काम काय, ते घरातलं दुसरं कोणीतरी करतंच. मी मान खाली घालून, होय साहेब, म्हणाले. माझ्या चिमट्यात स्क्रूंचा डबा होता. जबडे उघडले आणि सगळे स्क्रू फरशीवर.

मी वेचायला वाकले. समोर काचेचं कपाट आहे, त्यात पाहुण्यांना दाखवायचे हात ठेवतात. त्या काचेत मला मी दिसले. साहेब अजून बोलत होते आणि माझा उजवा खांदा पुन्हा वर गेला. तोंड होय म्हणत होतं. खांदा म्हणत होता, चल, मोठा आलाय.

आत्या, चिमटा लाजाळू नाही. तो तुझं ऐकतो. तुला एखाद्याचं बोलणं फालतू वाटलं की तू खांदा उडवतेस. उजवा. घरमालकिणीला उडवलास, मुकादमाला उडवलास, बाबांनाही उडवलास. खांदा उडाला की तार ताणते, तार ताणली की जबडे उघडतात. मी बनवलंच तसं आहे.

मला हे दिसायला हवं होतं. पण रात्री जेवताना मी मुद्दाम बघत बसले. आई म्हणाली, भाजीत मीठ जास्त नाही, तुमच्याच जिभेला काहीतरी झालंय. बाबांचा उजवा खांदा वर. मग बाबा म्हणाले, तुझी कार्यशाळा म्हणजे खेळण्यांचं दुकान. माझा वर. आपल्या घरात सगळेच हे करतात, इतकं की ही एक हालचाल आहे हेच मला कधी दिसलं नाही. दुसऱ्या कोणाच्या आत्यासाठी हा चिमटा उत्तम आहे. फक्त तुझ्यासाठी नाही.

आता दोन वाटा आहेत आणि दोन्ही तुझ्यापुढे सरळ ठेवते. एक, तू खांदा उडवणं सोडायचंस. यंत्रात काहीच बदलावं लागणार नाही, हा मार्ग पक्का आहे.

दोन, मी सगळं उलटं करायचं. जबडे आधीच उघडे राहतील आणि खांद्यानं मिटतील. पण मग धरून ठेवायला खांदा सतत ओढून धरावा लागेल, त्यानं तू थकशील. त्यासाठी आत दातेरी पट्टी आणि खटका घालावा लागेल, म्हणजे मिटलेलं मिटलेलंच राहील. सोडायचं असेल तेव्हा खटका टेबलाच्या कडेवर किंवा मांडीवर आपटायचा. यात धोका हा की कधी अडकलं तर सुटायला क्षणभर उशीर होईल. हे मी एकतीस तारखेच्या आत करू शकेन असं मला वाटतं; नक्की सांगत नाही, कारण खोटी आशा द्यायची नाही.

कोणती वाट, ते परतीच्या टपालानं कळव.

लोभ असू दे, नसला तरी उत्तर पाठव.

तुझी,
पेन्सिल

---

ता. १८ मार्च

चि. पेन्सिल हिस,
आशीर्वाद.

खांदा उडवणं सोडू? मुकादमासमोर? एक हात रुळांनी नेला, आता खांदा तू ने. मग उरलंच काय, नखसाहेबांच्या कपाटात मलाही उभी करा, पाची बोटं वर करून.

तुझं पत्र वाचून मी घरमालकिणीकडे भाड्याची पावती मागायला गेले, मुद्दाम. चिमट्यात एक जुनं फडकं धरलं. ती तोंड उघडते न उघडते तोच फडकं खाली. तुझं खरं आहे. चाळीस वर्षं मी समजत होते की मी सगळं मुकाट्यानं ऐकून घेते. मला वाटायचं, माझ्याइतकी सोशिक बाई दुसरी नाही.

उलटं कर. लवकर कर. खांद्याच्या थकव्याची काळजी करू नकोस, त्याला तालीम आहे.

तुझी आत्या

---

ता. २७ मार्च

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि.

हे बाबांच्या आधी पोचावं म्हणून हातानं पाठवते आहे. टेम्पोवाल्याची बहीण तुमच्या गावी येते आहे, तिच्याबरोबर.

उलटं केलं. दाते मी कानशीनं एकेक घासले, एक जरा तिरका झाला आहे, तिथे करकर वाजतं. वाजलं तरी धरतं. खटक्याची पट्टी मुद्दाम मोठी आणि ओबडधोबड ठेवली आहे, अंधारातही सापडावी म्हणून. खांदा जितका ओढशील तितके जबडे पुढच्या दात्यावर जातात. एकदा धरलं की तू पुन्हा खांदा उडवलास तर पकड सुटत नाही, वाढते. काच असेल तर सांभाळून.

साहेबांनी हा चिमटा बघितला. म्हणाले, कुरूप आहे, आणि कार्यशाळेच्या जागेत हे पुन्हा बनवायचं नाही, पाहुणे येतात. तुमच्या कपाटातल्या हातांनी आजवर एक बटाटा सोलला नाही, हे मी या वेळी मनात म्हटलं नाही. तोंडानं म्हटलं. शेवटी पुन्हा, साहेब, म्हणाले, पण म्हटलं. मला काढलं नाही, पण पुढची वेळ आली तर कुठे बसून बनवणार हे मला माहीत नाही.

छत घालून झालं. बाबांनी भिंतींना पांढरा रंगही दिला आहे. मी त्यांना सांगितलं की तुम्ही चुकता आहात. त्यांनी काय केलं असेल ते तुला माहीतच आहे.

जे होईल ते जसंच्या तसं कळव. मला गोड करून सांगू नकोस.

लोभाची आणि उत्तराची वाट बघते.

तुझी,
पेन्सिल

---

ता. १ एप्रिल

चि. पेन्सिल हिस,
अनेक आशीर्वाद.

गोड करून सांगायला मला कधी येत होतं? जसंच्या तसं सांगते.

दादा काल आला. टेम्पो खाली उभा, इंजिन चालूच. सोबत दोरखंड आणि खोकी. मी सामान बांधलं नव्हतं. चादर धूत होते, मोठी, दोन माणसांची, ओली. तो म्हणाला, ही आता कोण पिळणार? मी म्हटलं, एरवी नळाला अडकवून पिळते, आज तू आलाच आहेस तर दुसरं टोक धर. माझं टोक मी चिमट्यात दिलं. त्याचं त्यानं दोन्ही मुठीत धरलं. आम्ही लहान असताना आई आम्हाला अशाच चादरी पिळायला उभं करायची, आणि ज्याच्या हातून आधी सुटेल त्यानं त्या वाळत घालायच्या, हे त्याला आठवलं असावं, कारण त्यानं पाय रोवले.

त्यानं पीळ घालायला सुरुवात केली आणि बोलायलाही. म्हणाला, ही तुझी हौस आहे. माझा खांदा गेला वर. करकर. म्हणाला, चार दिवसांनी मोडेल ते. पुन्हा करकर. म्हणाला, लोक काय म्हणतील. करकर. त्यानं आणखी पीळ दिला, पाणी त्याच्या बुटांत गेलं, तोंड लाल झालं, गवंड्याचे हात आहेत ते, वीट हातानं फोडणारे. शेवटी म्हणाला, अगं, तू माझी बहीण आहेस, मला झोप लागत नाही. त्यावर मी खांदा उडवला नाही. पण खटका होता ना, आधीचं सगळं धरून ठेवलेलं होतं. त्याच्या मुठीतून चादर सुटली आणि तो मागे खुर्चीवर बसला.

मी चादर तशीच धरून उभी. पाणी टपटपत होतं. खाली टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं.

दादा बराच वेळ चिमट्याकडे बघत होता. मग उठला आणि चादर वाळत घातली. नियमाप्रमाणे त्यानंच घालायची होती. मी त्याला चहा दिला, चिमट्यानंच. कपाला चीर गेली, ती मी त्याच्या बोलण्याच्या खात्यावर मांडली. रिकाम्या टेम्पोतून परत जायला त्याला अवघड वाटत होतं, म्हणून मी नखसाहेबांचे राजे दिले बरोबर, खोक्यात घालून. समोरची म्हातारी खिडकीत येऊन रडवेली झाली. आता रोज मलाच तिला हात हलवावा लागणार.

जाताना दारात त्यानं विचारलं की मग त्या खोलीचं काय करू, पूर्वेची खिडकी आहे, उजेड चांगला येतो. मी म्हटलं, पेन्सिलीला दे. तिथे लोखंडी टेबल टाक, भक्कम, लोखंड आवळून धरायची पकड बसवता येईल असं. पाहुणे मागच्या अंगणात येत नाहीत. आमच्या लॉन्ड्रीतच आणखी दोघी आहेत, एकीची बोटं गेली आहेत, एकीचं मनगट. त्यांना मी चिमटा दाखवला आहे. एक फार गरीब स्वभावाची आहे, खांदा कधी उडवत नाही, तिच्यासाठी पहिला प्रकार चालेल. दुसरी माझ्यासारखी आहे.

दादा म्हणाला, पोरीला आणखी काम लावू नकोस. आणि खांदा उडवून जिना उतरला. उजवा.

दोष लिहून घे. करकर फार वाजते. खटका मांडीवर आपटून काळानिळा डाग पडला आहे, तिथे पट्टीला कापड लाव. पोलादाला गंज चढतो, पुसून ठेवावं लागतं. आणि झाकण जरा जास्तच घट्ट धरतो, काल मुरांब्याची बरणी उघडताना मुकादमाची आठवण आली आणि बरणी फुटली.

आज कागदावर इस्त्री ठेवलेली नाही. कागद चिमट्यात आहे. डाग नाही म्हणून पत्र दुसऱ्या कोणाचं समजू नकोस.

लोभ आहे, आणि तो शेवटच्या दात्यावर आहे. खटका कुठे आपटायचा ते मी कोणाला सांगणार नाही.

तुझी आत्या